शंभरावर सात

राजूर,
कार्तिक शुद्ध अष्टमी, शके १८६५

प्रिय सिराजोद्दीन यास पुंजारामचा रामराम आणि सलाम.

इकडे ठीक आहे. तुझी तब्येत कशी आहे, मैमूनाभाभींचे गुडघे काय म्हणतात, ते कळव. कापूस औंदा बरा आहे. जाता जाता पावसानं एक वेचणी भिजवली, बाकीचा घरात आला. कचरूनं चहाच्या दुकानावर नवे पत्रे टाकले आणि चहा पहिल्यापेक्षा पातळ केला.

सात वर्षांनी पत्र लिहितोय आणि चहाचं सांगतोय, हे मलाही कळतं.

जालन्याच्या जिनिंगचे आपण दोन शेअर घेतले, तुझा एक, माझा एक, ते तुला आठवतच असेल. निजामाचे शंभर-शंभर हाली रुपये. गोऱ्हा विकून मी कागद घेतला म्हणून गाव हसलं होतं. तू तिथं कारकून, त्यामुळे दोन्ही कागद तुझ्याच नावावर. दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला तू नफा घेऊन राजूरला यायचास. आधी गणपतीच्या वाटेवर कचरूच्या पायरीवर चहा, मग आमच्या घरी द्वारकाच्या पुरणपोळ्या. जेवण झालं की तू पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला आतून खिळ्यानं त्या सालचा आकडा कोरायचास. नऊ, आठ, चार. एका साली कापसाला कुणी विचारलं नाही, तू रिकाम्या हातानं आलास, तरी शून्य कोरलंसच. द्वारका म्हणाली, "सिराजभाऊ, पोळीवानी गोल काढलं की." पुढं तीन, पाच, सात.

तू म्हणायचास, "एका सालावर जाऊ नको. सात सालाचे छत्तीस झाले. लावले शंभर, तर सालाला पाच अन् वर थोडे. असं पाह्यचं."

ते दिवस चांगले होते. मी नासवले.

आठव्या साली तू पायरीवर बसता बसता म्हणालास, "औंदा सहा आले." आदल्याच आठवड्यात भोकरदनच्या बाजारात मला एकानं सांगितलं होतं, जिनिंगनं औंदाही सातच वाटले. माझं डोकं फिरलं. तू "ऐकून तर घे" म्हणत राहिलास. मी चार माणसांत तुला चोर म्हटलं, एका रुपयाचा चोर. तू पुडी द्वारकाकडे देऊन गेलास. मी त्या पुडीला हात लावला नाही. पुढं घरात तुझं नाव निघालं की मी ताटावरून उठायचो.

द्वारका औंदा श्रावणात गेली. तीन दिवसांचा ताप. तुला कळवलं नाही. कळवायला हवं होतं. तिला भाऊ नव्हता, हे तुला ठाऊक आहे.

परवा तुझा माणूस अलीम दारात आला आणि बाई कुठं आहेत म्हणून विचारू लागला. मी सांगितलं. मग त्यानं पुडी माझ्या हातात दिली. म्हणाला, "दर दिवाळीला त्यांच्याच हातात देत आल्तो." पुडीत इंग्रजांच्या राजाच्या तोंडाचे सहा रुपये निघाले. कलदार. सोबत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: "भाभी, सहा कलदार आहेत. हालीत सातच होतात. पुंजारामकडून वाचून घ्या."

मी डबा काढला. तळाशी सात पुड्या, फडक्यात बांधलेल्या, एकही फोडलेली नाही. पहिलीत सहा कलदार आणि हीच चिठ्ठी. म्हणजे कंपनीनं त्या साली कलदारात वाटायला सुरुवात केली, आणि माझ्या शंभरावर सातच आले होते. हा हिशोब बाजारातली भाजीवालीही करते. पायरीवर तू एवढंच सांगत होतास. द्वारकाला वाचता येत नव्हतं, आणि मला वाचायला सांगायची सोय मी तिला ठेवली नव्हती.

सिराज, मी चुकलो. तुझं नाव खराब केलं आणि तिचा भाऊ तोडला. येत्या बाजाराला त्याच पायरीवर ये. त्या दिवशी ऐकणारे कचरू आणि रामकिसन अजून तिथंच असतात. त्यांच्यासमोर मला माझा शब्द मोठ्यानं परत घ्यायचा आहे. तू आला नाहीस तरी मी घेणार आहे.

आलास तर मग घरी चल. झाकणावर आठ आकडे कोरायचे राहिलेत. खिळा तिनं डब्यातच ठेवलाय. पोळ्या मला जमत नाहीत, भाकरी करीन.

तुझं अर्धंच ऐकलेला,
पुंजाराम