मशीनशेजारचा फोन

प्रिय वहिनी,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं, तर हातातलं शिवण सोडून तुम्ही धावत याल.

फोनवर मी "मजेत आहे" म्हणायचो, ते खोटं होतं. या परक्या शहरात माझी बोली ऐकली की घरमालकाची खोली "आत्ताच गेली" असायची. इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागलो, तिथं मी डबा उघडला की बाकावरचे उठून जायचे. हळूहळू माझं बोलणं सुटलं, मग जेवणही. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. जेवायला सोबत कोण असतं, ते विचारलं नाही.

तुम्हीही काही विचारलं नाहीत. कसं ओळखलंत कोण जाणे, पण रोज दुपारी फोन लावून शिलाई मशीनशेजारी ठेवायला लागलात. "भावजी, मला बोलायला वेळ नाही. तुम्ही जेवा." वर्षभर त्या खडखडाटाच्या सोबतीनं मी डबा संपवला. वहिनी, त्यानंच मी तगलो.

आज फरशी पुसणारी नवी बाई जिन्यात एकटीच बसली होती. तिचीही बोली वेगळी, डबा न उघडलेला. मी शेजारी बसलो नि म्हणालो, "मला बोलायला वेळ नाही. तुम्ही जेवा."

म्हणून आज तुमचा फोन उचलला नाही. रागावू नका. भाजी दोघांत कमी पडली.

तुमचाच,
खोटारडा धाकटा दीर