ऑब्स्टिनेट म्हणजे तू

गुरुवार, दुपारी

माझ्या मोठीस आईचा आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालते, आम्हीही बरे आहोत. पाकिटात काहीतरी कडक हाताला लागेल. ते आत्ता काढू नकोस, आधी पत्र वाच.

तर काल आमच्याकडे पाहुणे यायचे होते, आणि सगळ्यात आधी टपकली ती शेजारची शिवणवाली. पाहुण्यांचा अजून पत्ता नाही आणि ही आमच्या सोफ्यावर बसून कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावतेय. म्हणे, आमच्याकडे उजेड पुरत नाही. तिच्या घराला आमच्यापेक्षा जास्त खिडक्या आहेत, तुला माहीतच आहे. मी खारूकडे बघितलं, खारूने माझ्याकडे, आणि दोघी एकदम म्हणालो, "युबिक्विटस." तिला वाटलं आम्ही चहाचं विचारतोय. म्हणाली, चालेल, पण अर्धाच कप.

युबिक्विटस म्हणजे जिकडे बघावं तिकडे हजर असणारा. हो, तुझी आई आता असले शब्द बोलते. हसू नकोस, किंवा हस, पण पुढे वाच.

खारू म्हणजे तुझ्या भावाची लेक, गालात घास धरून बसायची म्हणून हे नाव पडलं. तू तिला फोटोतच पाहिलंयस. तिला मोठ्या संस्थेत जायचंय, परदेशी लोकांचं बोलणं इकडचं तिकडे करून सांगायचं शिक्षण असतं ना, दुभाष्याचं, ते शिकायला. त्याच्या परीक्षेला इंग्रजीतले अवघड अवघड शब्द लागतात. साधे नाहीत, साध्यांना तिथे कोणी विचारत नाही. पोरगी दिवसभर घोकायची आणि संध्याकाळी सगळं साफ. रडकुंडीला यायची. एकदा मी भाजी निवडत होते, ती माझ्यासमोर बसून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, गॅर्युलस, गॅर्युलस. मी म्हटलं, अगं म्हणजे काय ते तरी सांग. म्हणाली, सारखी बडबड करणारी व्यक्ती. मी म्हटलं, मग त्यात घोकायचं काय, ती मीच की.

तो शब्द ती परत कधी विसरलीच नाही. तिथून आमची रीत पडली. शब्द आला की आधी त्याला माणूस शोधायचा. माणूस मिळाला की शब्द पक्का. तुझा भाऊ, त्याने मधे मिशा ठेवल्या होत्या आणि आठवड्यात काढल्या, त्या मिशांना एफेमरल, म्हणजे आल्या नि गेल्या. सूनबाई मेटिक्युलस, डब्याचं झाकणसुद्धा रेघेत लावते. तुझे बाबा टॅसिटर्न. म्हणजे तोंडाला कुलूप. कुलूपवाल्याला शोभतोच तो शब्द, मी खारूला म्हटलं, आणि दुकानातून त्यांचा खाकरल्याचा आवाज आला. ऐकत सगळं असतात.

मला किती मजा येते म्हणून सांगू. चौथीत शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं आपला आणि अक्षरांचा संबंध संपला. आता रस्त्याने जाते तर प्रत्येक माणसाच्या कपाळावर शब्द दिसतो. फळवाल्याच्या कपाळावर आहे, पोस्टातल्या बाईच्या आहे, तो मी लिहीत नाही, ती पाकीट उघडून वाचायची.

तर खारू लेखी परीक्षा पास झाली. पुढची पायरी म्हणजे संस्थेचे लोक घरी येतात. बऱ्याच मुलींना घरचेच मधेच परत नेतात आणि जागा वाया जाते, म्हणून ते आधी घर बघतात, माणसं बघतात. काल तेच आले. एक उंच मॅडम आणि एक बारीक चणीचे सर. मॅडमच्या चपला अशा साफ, की मला आमच्या पायपुसण्याची लाज वाटली. शिवणवालीने उठून त्यांना जागा दिली आणि आपण मोडक्या स्टुलावर बसली, पण घरी गेली नाही.

तुझा भाऊ बसच्या ड्युटीवर. सूनबाई आत चहा करतेय. तुझे बाबा शेजारच्या खोलीत, दुकानात, किल्ली घासत बसलेले. गिऱ्हाईक नव्हतं तरी कानस चालूच.

मॅडमनी खारूला पुष्कळ विचारलं, तिने सगळी उत्तरं दिली. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. आजी, तुम्ही सांगा, तुमची नात कशी आहे. आणि मोठे, मला असं भरून आलं की काही विचारू नकोस. मी ताठ बसले आणि म्हटलं, "शी इज व्हेरी ऑब्स्टिनेट."

सगळं थांबलं. मॅडमचं पेन थांबलं. सूनबाई ट्रे घेऊन दारात आली होती, तिथेच उभी राहिली. खारूने डोळे मिटून घेतले. एकटी शिवणवाली खूश, तिला वाटलं मी काहीतरी भारी बोलले.

मला कळेना माझं चुकलं कुठे. मी तर माझ्याजवळचा सगळ्यात चांगला शब्द दिला होता. मॅडम जरा वेळाने म्हणाल्या, आजी, आमच्याकडे वसतिगृहात शंभर नियम आहेत, तिथे असली मुलगी... आणि वाक्य तसंच सोडून दिलं. सर मात्र पुढे सरकले. त्यांनी विचारलं, "आजी, तुमच्या मते ऑब्स्टिनेट म्हणजे काय?"

मी म्हटलं, "माझी मोठी लेक."

मग मी सांगितलं. आता तुझ्याविषयी तुलाच काय सांगायचं, पण सांगते. लहानपणी कपाटाचं कुलूप अडकलं होतं, बाबा म्हणाले नाद सोड, उद्या तोडू. तू जेवली नाहीस, त्याच्यासमोर फतकल मारून बसलीस आणि केसातल्या पिनेने उघडलंस. आणि बाबांनी बघितलं नाही म्हणून पुन्हा लावलंस, आणि ते आल्यावर त्यांच्यासमोर पुन्हा उघडलंस. हे सांगितलं. लिफ्टचं काम शिकायचं म्हणालीस, बाबा नाही म्हणाले, तरी गेलीस, हेही सांगितलं. जायच्या दिवशी बॅग उचलायच्या आधी माझा गळका नळ दुरुस्त केलास. तो अजून गळत नाही. मी म्हटलं, हातात घेतलेलं अर्धं टाकत नाही ती ऑब्स्टिनेट. आमची खारू तशी आहे. तुमचा कोर्स ती अर्धा टाकणार नाही, आम्ही परत आणायला आलो तरी.

खारू मधे बोलली, तिचे कान लाल झाले होते. म्हणाली, आम्ही शब्द माणसांना लावून पाठ करतो. हा शब्द आला तेव्हा मी हट्टी असा अर्थ सांगितला, आजी लगेच म्हणाली, मग ही तुझी आत्या. तेव्हापासून आत्याची जी जी गोष्ट आजीने सांगितली ती त्या शब्दातच गेली. आजीला तो शब्द वाईट आहे हे कोणी सांगितलंच नाही, आणि खरं म्हणजे मलाही आता तो वाईट वाटत नाही.

सर हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण पेन उचललं. म्हणाल्या, बाकी ठीक, पण संस्थेच्या गावात मुलीचं आपलं कोणीतरी लागतं, आजारपणाला, सुट्टीला, सही करायला. त्याशिवाय जागा देता येत नाही. तिथे तुमचं कोण आहे?

तू आहेस. हे मला माहीत, सूनबाईला माहीत, खारूला माहीत. शिवणवालीलाही माहीत, आणि तिने बटणात डोकं घातलं. खारूने माझ्याकडे बघितलं. मी दुकानाच्या दाराकडे.

कानस थांबली होती. कधी थांबली कोण जाणे. तुझे बाबा दारात उभे होते, बोटांना पितळेचा भुगा तसाच.

म्हणाले, "तिथे माझी मुलगी आहे."

मॅडमनी विचारलं, नातीला पाठवायला तुमची हरकत नाही ना. ते बोटांवरचा भुगा पुसत राहिले. मला वाटलं, झालं, टॅसिटर्न. मग म्हणाले, "एकीला अडवून बघितलं. ती गेली ती गेलीच. हिला मी पोचवायला जाईन, म्हणजे ही परत येईल."

आणि पाहुण्यांना नमस्कार करून पुन्हा आत गेले.

मी रडले नाही. चहा सांडला तो सूनबाईच्या हातून.

जाताना मॅडम म्हणाल्या, जागा जवळजवळ तिची धरा, पण आत्याची आणि घरच्यांची सही एकत्र, आमच्यासमोर व्हायला हवी, त्यांना बोलावून घ्या, आम्ही परत येतो. सर माझ्या पाया पडायला वाकले. खरंच वाकले. शिवणवालीने ते आतापर्यंत सगळ्या गल्लीला सांगितलंही असेल, तेवढं पत्रात लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

रात्री जेवताना तुझे बाबा खारूला म्हणाले, तो शब्द काय होता. ती म्हणाली, ऑब्स्टिनेट. त्यांनी हळूच म्हणून बघितला. मग विचारलं, एका शब्दाला दोन माणसं चालतात का? खारू म्हणाली, चालतात, आजोबा. ते बरं म्हणाले आणि ताट उचलून ठेवलं.

आता पाकिटातलं काढ. समोरच्या दाराचं कुलूप आम्ही बदललंय, जुन्या किल्लीने तुला ते उघडलं नसतं. पिनेने उघडलं असतंस म्हणा. आज हे पत्र लिहायला बसले तर पाकिटावर ही नवी किल्ली ठेवलेली होती, अजून कोमट, नुकती घासलेली. कोणी ठेवली मी विचारलं नाही. मोठे, तुझ्या नावाची किल्ली ते कालही करत होते असं मला वाटतं, पाहुणे यायच्या आधीपासून. गिऱ्हाईक तर नव्हतंच.

मी तुला ये म्हणत नाही. ये म्हटलं की तू काय करतेस ते मला ठाऊक आहे. तुला फक्त घरातली खबर कळवली.

खारूने तुझ्यासाठी शब्द काढून ठेवलाय, म्हणते समोरासमोर सांगेन, पत्रात नाही. मला सांगितला, मी फोडणार नाही. फोडला असता, पण तिने शपथ घातलीय.

नळ गळत नाही, तरी तू एकदा बघून गेलेली बरी.

तुझी,
गॅर्युलस आई

ता. क. पाहुणे रविवारी सकाळी परत येतो म्हणालेत.