दोन घोड्यांमधली सरळ रेषा

तीर्थरूप लिबेरातोदादा,

नेपल्सहून धाकट्या रेस्तितुताचं तुमच्या दोन्ही हातांना वंदन. (फादर तुम्ही गावाचे, माझे आधी दादा.) तेलाचे दोन डबे आणि सुक्या अंजिरांची माळ पोचली. सोडवायला चार हजार लिरा पडले, पुढच्या वेळी कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्या. गुडघे कसे आहेत? चर्चमध्ये मिस्साला उठता-बसता येतं ना? इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त रविवारपासून माझी छाती धडधडते आहे. कारण लिहिते. बसून वाचा.

आमच्या असुंताचं लग्न ठरलं. आम्ही नाही ठरवलं, तिने! मुलगा सोस्सिओ, वाजवतो ट्यूबा, म्हणजे बँडमधला तो सगळ्यात मोठा पितळी भोंगा. मी म्हटलं, "अगं, फुंकरीने चूल पेटेल, पण वर ठेवायला काही नको का?" एकदा भेट तरी, म्हणून तिने मला प्लेबिशितो चौकात नेलं. दादा, तुम्ही पाहिलात तेव्हा तिथे गाड्या ठासून उभ्या असायच्या. आता गाड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर लाजही गेली. सान फ्रांचेस्को चर्चच्या खांबांवर पोरं फुटबॉल हाणतात, पायऱ्यांवर जोडपी अशी बसतात की दगडी संतांनीही मान वळवावी. आणि भर चौकात शहाणीसुरती माणसं डोळे बांधून झोकांड्या खात चाललेली! राजवाड्याच्या दारापासून निघायचं आणि समोरच्या दोन घोडेस्वार पुतळ्यांमधून पार व्हायचं, एवढंच. (राणीच्या काळी कैद्यांना यावर सुटका मिळायची म्हणे. सुटलं कुणीच नाही.)

मला तिथल्या तिथे युक्ती सुचली. म्हटलं, अंधारात जो सरळ चालेल तो घरातही सरळ वागेल, नाहीतर लग्न विसरा. "बरं, काकू," म्हणून तो ताडमाड मुलगा वाकला, मी माझा डोक्याचा रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला. वीस पावलं नीट गेला, मग डावीकडे, आणखी डावीकडे, तो थेट चौकाच्या कडेला. झालं, मी सुटले! असुंता रडायला लागली. तेवढ्यात घडीच्या खुर्चीवर विणत बसलेली एक म्हातारी ओरडली, "अहो बाई, लोकांची पोरं काय नाचवता? स्वतः जाऊन दाखवा की!" सगळे हसले. दादा, मी मॅट्रिक आहे. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे मला आजही पाठ आहे. चर्चकडे हात करून मी गरजले, "संत फ्रांचेस्कोची शपथ, घोड्यांमधून गेले नाही तर मुलगी याला दिली!"

रुमाल बांधला, जपमाळ धरली, निघाले. तीस नमो मरिया झाल्या. लोक शिट्ट्या मारताहेत, म्हातारी उजवं-डावं खोटंनाटं सांगते आहे. शेवटी हाताला कुणाचा तरी दंड लागला. घट्ट धरला, रुमाल काढला. अरे देवा! मी परक्यांच्या लग्नाच्या फोटोत, नवरदेवाला धरून उभी! आणि फोटोवाला म्हणतो, "सासूबाई, जरा हसा!" घोडे राहिले कुठल्या कुठे. सोस्सिओ धावत आला, हाताचं चुंबन घेऊन "आई" म्हणाला. मी म्हटलं, "थांब, त्याला अजून अवकाश आहे."

दादा, त्या चौकाचा उतारच फसवा, त्यात म्हातारीने डिवचलं. रागाच्या भरात घेतलेली शपथ बांधते का? तुम्ही धर्मशास्त्र शिकलात. बांधत नाही असं लिहा, असुंताला वाचून दाखवीन.

तुमची,
रेस्तितुता

ता. क. आमचे हे म्हणतात, शब्द म्हणजे शब्द. लग्नातला कोट उन्हात टाकलाय. बटण लागत नाही ते वेगळं.

आणखी ता. क. हे कबुलीजबाबात ऐकलं असं समजा, बाहेर फुटायला नको. रुमाल धुऊन धुऊन विरलेला. मला सगळं दिसत होतं, घोडे, मधली वाट, म्हातारीचे दातसुद्धा. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, सोस्सिओलाही दिसत असणार! तरी भरकटला, म्हणजे पोराने आतून डोळे मिटून घेतले होते. आणि मी, रोज मिस्साला जाणारी, टक्क डोळ्यांनी चालले होते. लाजून मीही मिटले, आणि मुद्दाम वळले. तेव्हा शपथ बांधते, असंच ठणकावून लिहा. मला घरात हरलेली दिसायचंय, राजी झालेली नाही. मुद्दाम हरणं पाप असेल तर प्रायश्चित्त आटोपशीर द्या, जूनच्या दुसऱ्या शनिवारी लग्न लावायला तुम्हीच यायचंय. उलट टपाली कळवा.