काय पाडू?

थ्रपवुड,
बुधवार, १४ मे

प्रिय हेस्टर,

अनेक आशीर्वाद. तुझे कार्ड सोमवारी पोहोचले. मी ठीक आहे. गुडघा पावसाची वर्दी देतो आणि हवामान खात्यापेक्षा बरी देतो. तुझ्या आईच्या वाफ्यातला रुबार्ब यंदा माजला आहे. एकट्या माणसाने मुरंबा खावा तरी किती?

कार्डाच्या सात ओळींत दोन स्वल्पविराम राहिले आहेत. शिवाय एकदा ‘कळविणार’ आणि एकदा ‘कळवणार’ लिहिले आहेस. कोणते तरी एक रूप पत्कर.

मजकुराबद्दल पुढे लिहितो. आधी कालची हकीकत सांगायची आहे.

काल मंगळवार, म्हणजे कालव्याच्या लॉकवर माझा स्वयंसेवेचा दिवस. भाड्याने नाव घेऊन हिंडणाऱ्यांना मी तीच वाक्ये ऐकवत असतो, हे तुला ठाऊक आहे: लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद, त्यातले पाणी सोडले की नाव खालच्या पातळीला उतरते, पाणी उतरत असताना नाव पुढे ठेवा, भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेच्या मागे येऊ देऊ नका, रेघेमागे पाण्याखाली दगडी उंबरा आहे, नावेचे बूड त्यावर टेकले की पाणी उतरते, नाव उतरत नाही. लोक मान डोलावतात आणि बदकांचे फोटो काढतात.

काल आलेले जोडपे वॉल्सॉलचे. ग्लेनिसबाई सुकाणूवर होत्या. त्यांचे यजमान डेस खालच्या दरवाज्यातून पाणी सोडणाऱ्या पलीकडच्या झडपेपाशी होते आणि मी अलीकडच्या. त्यांच्या एका हातात झडप फिरवायची किल्ली, दुसऱ्या हातात सँडविच. दोघांनी मिळून झडपा उचलल्या आणि पाणी उतरू लागले.

“अगं, आजोबा नाव पुढे ठेव म्हणतायत!” डेस ओरडले.

“ठेवलीय की! डोळे आहेत मला.”

“डोळे आहेत गं, पण ब्रेक कुठायत?”

“ब्रेक असता तर लग्नाच्या वेळीच दाबला असता, मेल्या! सँडविच खा आणि गप बस.”

मीसुद्धा हसलो. त्या हसण्यात नाव दोन हात मागे सरकली, आणि ते आम्हा तिघांपैकी कोणालाच दिसले नाही. मग नावेचे पुढचे टोक पाण्याबरोबर खाली जाऊ लागले आणि मागचे टोक जागच्या जागी राहिले. आत कपबशा घसरल्याचा आवाज आला. तो आवाज मी सहा वर्षांत विसरलेलो नाही.

ग्लेनिसबाई ओरडल्या. त्यात शब्द नव्हता. नुसता ‘आ’ होता.

मी खिट्टी सोडली आणि माझी झडप धाडकन खाली पडून बंद झाली. डेस सँडविच धरून तसेच उभे होते, आणि त्यांची झडप उघडीच होती. माझ्या आणि त्यांच्यामध्ये दरवाज्यावरची ती वीतभर फळी होती. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने कठड्याला धरून सावकाश ओलांडावी, अशी ती फळी आहे. मी ती कशी ओलांडली, ते मला सांगता येणार नाही. डेस यांना ढकलून मी दुसरी झडप पाडली. पाणी थांबले. नावेच्या पुढच्या दाराचा खालचा काठ आणि पाणी यांत तेव्हा चार बोटांचे अंतर उरले होते. मग वरच्या दरवाज्याची झडप हळूहळू उघडून आम्ही लॉक पुन्हा भरले. नाव एकदा कण्हली आणि उंबऱ्यावरून सुटली.

ग्लेनिसबाई काठावर येऊन बसल्या.

“आजोबा, तुम्हाला कळलं कसं हो? मी तर काहीच बोलले नाही. नुसती बोंबलले.”

“तुझी बोंब मला बत्तीस वर्षांत कळलेली नाही,” डेस म्हणाले, आणि मग तोंड वळवून रडू लागले.

मी त्या बाईंना उत्तर दिले नाही. ते तुला देणे आहे.

तू कार्डात लिहितेस, की अपंग मुलांना फिरवणाऱ्या त्या नावेचे सुकाणू हाती घ्यायला तू शनिवारी नकार कळवणार आहेस. ‘जिला वेळेवर हाकसुद्धा मारता येत नाही, तिच्या भरवशावर बारा पोरं कशी सोडायची?’ हे तुझे वाक्य आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पण ते खरे नाही.

आपली नाव ‘लॅपविंग’ बुडाली, त्या जूनमधल्या सकाळचे नौका क्लबकडे माझे एक निवेदन आहे. ‘पहिल्या हाकेसरशी झडप पाडण्यात आली, तोपर्यंत नाव कललेली होती.’ कर्मणी प्रयोग. झडप कोणी पाडली, कधी पाडली, हे त्या प्रयोगात सांगावे लागत नाही. त्यावरून क्लबने निष्कर्ष काढला, की इशारा उशिरा दिला गेला. तो कोणी दिला, हे न सांगताही सर्वांना कळले.

त्या सकाळचे आठव. आधीच्या लॉकवर तू “सोड!” म्हणालीस आणि मी दोर सोडला. तुझ्या मनात पाणी सोडायचे होते. नाव भिंतीवर आपटली, काठावरची मंडळी हसली, आणि तू म्हणालीस, “बाबा, वर्गात चालतं तुमचं डोकं, इथं बंद पडतं!” तुझी आई सर्वांत मोठ्याने हसली. मी मनाशी ठरवले, की सकर्मक क्रियापद कर्मासकट उच्चारले जाईपर्यंत आज हात हलवायचा नाही.

मग थ्रपवुडचे लॉक आले. आईने खिडकीतून चहाचा पेला पुढे केला, तू तो घ्यायला वाकलीस आणि नाव रेघेमागे गेली. ही चूक तुझी आहे आणि ती मी तुझ्या नावावरून पुसणार नाही. पण तू मान वर केलीस आणि त्याच क्षणी ओरडलीस, “पाड! बाबा, पाड!” नाव तेव्हा जेमतेम टेकत होती. कालच्या बाईंपेक्षा तू कितीतरी आधी हाक मारलीस, हेस्टर.

मी विचारले, “काय पाडू?”

तू पुन्हा ओरडलीस, “पाड!”

मी म्हणालो, “पूर्ण वाक्य बोल.”

“झडप पाडा, बाबा!” तू म्हणालीस. पूर्ण वाक्य. आज्ञार्थ, आदरार्थी, कर्मासकट. मग मी झडप पाडली.

तोवर पुढच्या दारातून पाणी आत शिरले होते, आणि आई आत होती.

इथपर्यंत लिहून मी उठलो, चहा केला आणि पुन्हा येऊन बसलो. वरच्या मजकुरावरून तुला वाटेल, की बाबांना खरेच कळले नाही, सकाळच्या घोटाळ्याने ते बिचकले होते. तसे वाटू द्यायचा मोह मला झाला. पण मला कळले होते. पहिल्याच हाकेला कळले होते. लॉकवर उतरत्या पाण्यात दुसरे काय पाडतात?

इस्पितळाच्या व्हरांड्यात तू मला विचारलेस, “बाबा, मी हाक कधी मारली? मला आठवतंय ते खरं आहे का?” मी म्हणालो, “उशिरा.” ना कर्ता, ना क्रियापद. जन्मभर ज्याने दुसऱ्यांची अर्धी वाक्ये परत केली, त्याने हे वाक्य तसेच राहू दिले, आणि तू त्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या कानांवरचा विश्वास सोडलास.

आईने सारे ऐकले होते. खिडकी उघडीच होती. त्या दिवशी मोडलेला पाय घेऊन ती पाच वर्षे काठीवर चालली. पण याबद्दल मला तिने एका शब्दाने विचारले नाही. फक्त जेवताना मी “जरा दे” म्हणालो की ती विचारायची, “काय देऊ, मास्तर?” तू त्याला थट्टा समजायचीस. मी मीठ मागून घ्यायचो. गेल्या फेब्रुवारीत, तिच्या शेवटच्या आठवड्यात, ती मला म्हणाली, “पोरीला सांगून टाक.” मी विचारले, “काय सांगू?” ती भिंतीकडे वळली. त्यानंतर ती माझ्याशी फारसे बोलली नाही.

क्लबला आज सकाळी पत्र पाठवले आहे. त्याची नक्कल सोबत आहे. त्यात वाक्य असे आहे: ‘माझ्या मुलीने वेळेवर हाक मारली, मी ती समजलो, आणि समजूनही झडप पाडली नाही.’ माघार घेता येऊ नये, म्हणून ते या पत्राच्या आधी पेटीत टाकले. लॉकची किल्लीही मी जमा करणार आहे.

मला उत्तर लिहू नकोस. माफीची तर गोष्टच नको. शनिवारचे उत्तर मात्र त्या लोकांना नीट विचार करून दे. लांब लिहिण्याची गरज नाही. नुसते ‘येते’ लिहिलेस तरी पुरे. ते क्रियापद अकर्मक आहे, त्याला कशाची वाट पाहावी लागत नाही.

उशिरा,

बाबा