एका अंगणात चार चुली

जळोची, तालुका बारामती
मे १९३५

वडील बंधू अंतोनदादा मास्तर यांस धाकटी बहीण सारजा हिचा दोन्ही हात जोडून जय येशू. (मार्था हे बाप्तिस्म्याचं नाव हितं कुणाच्या तोंडात बसत न्हाय.) तुझा खोकला गेला का? वहिनीचे गुडघे कसे हायत? आमी हितं सुखरूप हाय, असं लिवायची रीत हाय म्हणून लिवते. खरं म्हंजे सकाळपासून चारदा उठले, चारदा बसले, तवा एवढ्याच ओळी झाल्या.

पत्रास कारण, पुढच्या रविवारी फादर येणार, आन ते तुझ्यामुळं. रोमच्या पोपसाहेबांचं कामकऱ्यांविषयीचं पत्र फादरनी वाचून दाखवलं, तवा मीच भर प्रार्थनेत उठून म्हणाले, धनी गेल्यापासून माझं घर मोकळं हाय, कालव्याचा गाळ काढायला सुप्याकडनं माणसं येत्यात त्यांनी हितं उतरावं, जेवावं, आन ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवावं. इथवर माझी चूक. पण जळोचीला सारी एका चुलीवरचं, एका पंगतीत जेवत्यात, असं फादरला कुणी कळवलं? तू. कधी बघायला आलास? न्हाय.

शिकायचं म्हणशील तर झकास चाललंय. दुपारचं कालव्याचं काम थांबलं की हितं उतरलेली तिघं आन मी लिंबाखाली बसतो. ठमाबाई दोर वळायला शिकवते, नकोशी टोपल्या विणायला. सोनबा धनगर मेंढीचं पोट फुगलं तर काय पाजायचं ते सांगतो. (माझी हाय एक कोंबडी, तरी ऐकते.) मी अक्षरं शिकवते, तू मला शिकवलीस तेवढी, त्याच्या पुढचं कुणी इचारलं की पाटी पुसते. एका पाटीवर चार डोकी आपटत्यात, एकाचा घाम दुसऱ्याच्या अक्षरावर पडतो, तितं कुणाला कुणाचा विटाळ न्हाय. आन भूक लागली, की चौघं चार कोपऱ्यांत! सोनबा पहिल्या दिवशीच म्हणाला, बाई, मला कोरडा शिधा द्या, मी माझं करून खाईन. ते बघून नकोशीनं आपली चूल मांडली. ठमाबाईनं तर न इचारताच पार कुंपणाला लागून मांडली. चौथी माझी. डोळे तेवढे सारी एकमेकांच्या धुरानं चोळत्यात.

मंगळवारी माझं डोकं फिरलं. (तुला ठावं हाय, ते फिरायला येळ लागत न्हाय.) पहार घेतली आन त्या तिन्ही चुली फोडून टाकल्या. मोठं पातेलंभर आमटी केली, भाकरीची चळत लावली आन म्हणलं, बसा आता पंगतीला. सोनबानं कांबळं झटकलं. "पोपसाहेबांना सांगा, सोनबाला भूक न्हाय." नकोशी शेंगदाणे चावत म्हणाली, "चूल फुटली म्हणून जात फुटती व्हय बाई?" मी म्हणलं, तुझी टोपली मी डोक्यावर घेते ती चालती? तर म्हणती कशी, "टोपली खायची नसती."

ठमाबाईनं तीन दगड मांडून पुन्हा जाळ केला. दिवस मावळायच्या आत बाकीच्या चुलीबी उभ्या. दुसऱ्या दिवशी आंबलेली आमटी मी एकटीनं खाल्ली.

तवा तू फादरला कळव, जळोचीला गोवराची साथ हाय, येऊ नका. मला खोटं लिवता येत न्हाय. तुला येतं, हे दिसलंच. अशा हट्टी माणसांना एका पंगतीला बसवणं माझ्या बापाच्यानं व्हायचं न्हाय.

वहिनीच्या गुडघ्यांना एरंडाचं तेल लाव म्हणावं.

तुझी बहीण,
सारजा

ता. क. गोवर राहू दे. फादर येऊ देत. मंगळवारचं एक लिवायचं राहिलं. ठमाबाईनं पुन्हा जाळ केला, पहिली भाकरी भाजली आन ती घेऊन माझ्याकडंच आली. "बाई, सकाळपासून तुमीबी उपाशी हायसा." सोनबा, नकोशी टकामका बघायला लागली. ठमाबाईच्या जातीच्या घरचं पाणीसुदीक आईनं आपल्याला कधी पिऊ दिलं न्हाय, तुला आठवत असंल. दादा, माझा हात पुढं झालाच न्हाय. तोंडातनं निघून गेलं, आमचा उपास हाय. आपले उपास ईस्टरला सुटत्यात, आन ईस्टर होऊन पंधरा दिस झाले व्हते! ती 'बरं' म्हणाली आन भाकरी फडक्यात झाकून ठेवली. तवापासून रोज इचारती, "बाई, उपास कधी सुटायचा?" आन सोनबा मिशीत हसतो.

पुन्हा ता. क. शनिवारीच ये, फादरच्या एक दिवस आधी. दौंडहून गाडी हाय. एकटीनं मला जमंना, आन तूबी ठमाबाईच्या लोकांचं कधी खाल्लं न्हायस, मास्तर झालास तरी. ठमाबाईला मी सांगून बसलेय, शनिवारी उपास सुटतो, माझा आन माझ्या भावाचाबी. पीठ तिनं दळून ठेवलंय. वाटंत काई खाऊ नकोस.