घर उचलणाऱ्यांचं जेवण

बेलेन,

तुझ्या कपड्यांच्या दोरीखालचं पोरांचं केळीच्या पानांचं घर हलवलं. मोडायला निघालो, तर दोघांनी रडून अंगण डोक्यावर घेतलं. मग आपल्या जुन्या रीतीनं खाली बांबू घालून अख्खं घरच खांद्यावर घ्यायचं ठरवलं. माझ्या एकट्याच्यानं होईना, म्हणून कुंपणापलीकडे हाक मारली. हो, तुझ्या बहिणीलाच. ईस्टरपासून तुमचा अबोला आहे, ठाऊक आहे मला. पण एल्विरा अनवाणी धावत आली गं.

घर आता तुमच्या दोघींच्या अंगणांमधल्या कुंपणाच्या फाटकाशी आहे. जागा पोरांनी निवडली, त्यांना रागावू नकोस.

घर उचलणाऱ्याला उपाशी धाडायचं नसतं, म्हणून तू रात्रीच्या जेवणासाठी रांधलेलं कोंबडीचं अडोबो पातेल्यासकट तिला दिलं.

मी मासळी आणायला चाललोय. पातेलं तू आण.

— बाबा