पेढे तीनदा नाकारायची रीत

ठाकुर्ली,
२१ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मायाताईस,
सप्रेम जयभीम.

इतके दिवस तुझे फोन येत होते आणि मी उचलत नव्हतो, त्याची आधी माफी मागतो. रचना तुला "ते क्लासला गेलेत" सांगायची तेव्हा मी गॅलरीत उभा असायचो. (तिचा दोष नाही. मीच हातवारे करून सांगायला लावायचो.) दाजींचा गुडघा कसा आहे? तुझी शुगर? आम्ही बरे आहोत, म्हणजे रचना बरी आहे आणि माझ्याशी मोजकंच बोलते.

दिवा गावची माणसं तुझ्या प्रीतीची चौकशी करून गेली ती गप्प का झाली, असं तू विचारत होतीस. मुलगा चांगला, आणि प्रीतीने पहिल्यांदाच कुणाला तरी पसंत म्हटलेलं. मग अडलं कुठे? ताई, ते माझ्या चिनी भाषेपाशी अडलं.

ठाण्याच्या कॉलेजात शनिवारी चिनी भाषा आणि संस्कृतीचा वर्ग असतो, तिथे मी जूनपासून जातो हे तुला माहीत आहे. पूर्वीचे चिनी भिक्खू आपल्याकडे येऊन जे लिहून गेले ते मुळातून वाचायचं, असं मी सगळ्यांना सांगितलेलं. हे कारण खरं आहे का, असा प्रश्न मी डायरीत अनेकदा लिहिला. ऑफिसातल्या तानाजीने जपानी सुरू केलं म्हणून तर नाही ना, असाही लिहिला. उत्तर अजून लिहिलेलं नाही. सध्या मला चिनीत "चहा गरम आहे" एवढं सांगता येतं. चहा गार असेल तर गप्प बसावं लागतं. आमच्या निशा मॅडमनी (कोपरच्या, माझ्याहून खूप लहान, शांघायला राहून आलेल्या) जानेवारीत तिकडचे शिष्टाचार शिकवले. कौतुक झालं की मान्य करायचं नाही, उलट आपल्या माणसाला कमी लेखायचं. भेटवस्तू तीनदा नाकारायची, मगच घ्यायची. याचा सराव करा, म्हणाल्या. आता सराव करा म्हटलं की मी करतो. नेमके दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मुलाची आई शांताबाई आणि काका कुंडलिकराव, मुलीच्या मामाकडून माहिती काढावी म्हणून आमच्या घरी आले.

शांताबाई म्हणाल्या, "मुलगी फार हुशार आहे म्हणे." मी म्हणालो, "छे, कसली हुशार!" स्वभाव गोड असल्याचं त्यांनी ऐकलेलं. मी म्हणालो, लोकांचं काय, काहीही बोलतात. "बँकेत आहे ना?" "आहे. ठेवलंय त्यांनी." आत रचनाने कुकरचं झाकण आपटलं. (मला वाटलं, हातातून पडलं.) स्वयंपाकाचा विषय निघाला तेव्हा, तिच्या हातचं न खाल्लेलंच बरं, असं मी सांगितलं. मग कुंडलिकरावांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. मी नको म्हणालो. त्यांनी आग्रह केला, मी पुन्हा नको म्हणालो, आणि तिसऱ्या वेळेची वाट बघत हसतमुखाने बसून राहिलो. कुंडलिकरावांनी पुडा पिशवीत ठेवला. अशा वेळी चिनी माणूस काय करतो हे आम्हाला शिकवलेलं नव्हतं. स्थळाच्या बोलण्यात गोड नाकारलं म्हणजे काय समजतात, ते दोघं जिना उतरून गेल्यावर मला रचनाने सांगितलं, आणि बराच वेळ सांगितलं.

पुढच्या शनिवारी मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो सर, तो सराव वर्गात एकमेकांशी करायचा होता! आणि हे सगळं आता जुनं झालं, तिकडची पोरं सरळ थँक्यू म्हणतात." म्हणजे प्रीतीचं स्थळ मी जुन्या अभ्यासक्रमावर घालवलं. त्यात तिचा मेसेज आला, "मामा, तू माझ्यावर रागावलायस का?" ताई, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शेवटी काल संध्याकाळी दिव्याला गेलो. पाण्याचा टँकर नुकताच आलेला, त्यामुळे माझा खुलासा बादल्या वाहता वाहता झाला. (दोन मीही वाहिल्या.) सगळं ऐकून कुंडलिकराव म्हणाले, "म्हणजे मामा, तुम्ही खोटं बोललात?" आता हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मी बादली खाली ठेवून विचार केला. हुशारीबद्दल खोटं बोललो, स्वभावाबद्दल खोटं बोललो, बँकेच्या बाबतीत तर अन्यायच केला. पण स्वयंपाकाचं खरं होतं, आणि तेही खोटं होतं म्हणून सांगणं हे नवीन खोटं झालं असतं. म्हणून म्हणालो, "स्वयंपाकाचं तेवढं खरं आहे." कुंडलिकराव पुढची बादली भरायला वळले. शांताबाई मात्र तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "भावजी, जमवा हे. या लोकांत काही लपून राहायचं नाही."

तर असं आहे. दाजींना यातलं किती सांगायचं ते तू ठरव. प्रीतीला सांग, मामा रागावलेला नाही, मामा शिकत होता.

तुझा धाकटा भाऊ,
धम्मपाल

ता.क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. परवा रविवारी दुपारी ती मंडळी प्रीतीला बघायला आंबिवलीला तुझ्याकडे येत आहेत, जेवायला. तुला न विचारताच मी हो म्हणालो. नको म्हणायची आता मला भीती वाटते. सात जण आहेत. स्वयंपाक प्रीतीनेच करावा, असा शांताबाईंचा आग्रह आहे. त्यालाही मी हो म्हणालो.

ता.ता.क. आज शुक्रवार आहे आणि हे पत्र सोमवारच्या आत तुला मिळायचं नाही, असं रचना आत्ता म्हणाली.

(डायरीत, त्याच रात्री) उद्या : ताईला फोन करणे.